कपाटातले वीस चष्मे

आमच्या शाळेत ज्यांना सगळे प्रयोगसर म्हणत, ते सर नव्हतेच. ते प्रयोगशाळेचे परिचर. काचेची भांडी धुवायची, बाटल्यांना चिठ्ठ्या लावायच्या, तास संपला की गॅस बंद आहे ना ते बघायचं, एवढंच त्यांचं कागदावरचं काम. परिचर हा शब्द मुलांच्या जिभेवर काही बसेना. कुणीतरी एकदा प्रयोगसर म्हणून हाक मारली आणि ती चिकटली. त्या हाकेने माणूस असा खुलायचा की मला कधीकधी त्यांचा हेवा वाटे. मी तिथला कारकून, मला सगळे भाऊसाहेब म्हणत आणि माझ्याकडून दाखले घेऊन जात, बस्स.

सरकारी शाळेत एखादी वस्तू आली की ती डेडस्टॉक रजिस्टरात, म्हणजे टिकाऊ सामानाच्या नोंदवहीत चढते आणि मग तिचं आयुष्य रजिस्टरापुरतंच उरतं. दरवर्षी तपासणी होते. नग कमी भरला की खुलासा, खुलासा पटला नाही की पगारातून वसुली. प्रयोगसर नोकरीला लागले त्याच्या दुसऱ्याच वर्षी एका शिक्षकाच्या कोपराचा धक्का लागून तराजू पडला. धक्का शिक्षकाचा, खुलासे यांचे. ते सहा महिने खुलासे लिहीत होते आणि शेवटी वसुली झालीच. त्या दिवसापासून माणसाने धसका घेतला. मुलांच्या हातात तडे गेलेली, कडा घासलेली भांडी द्यायची आणि चांगली कपाटात ठेवायची, ही त्यांची पद्धत पडली. सगळ्याच शाळांत ती असते. आम्हाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

ही गोष्ट घडली त्याच्या अकरा वर्षं आधी एका खोक्यातून डोळ्यांवर लावायचे वीस चष्मे आले. प्रयोग करताना काही उडालं तर डोळे वाचावेत म्हणून. प्रत्येक चष्मा वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीचं तोंड बंद. प्रयोगसरांनी ते मोजले, मी ते रजिस्टरात चढवले आणि त्यांनी कपाटाला कुलूप लावलं. पुढे दर तपासणीला ते चष्मे टेबलावर ओळीने मांडले जात. अधिकारी मोजत, 'वीसपैकी वीस' असा शेरा सांगत आणि प्रयोगसर ते चष्मे तळहातावरच्या फोडासारखे जपून परत आत ठेवत. तो शेरा माझ्याच अक्षरात आहे, अकरा वेळा. म्हणून सांगतो, या गोष्टीत मी बाहेरचा नाही.

विज्ञानाचे सर महिन्यातले निम्मे दिवस कुठल्यातरी सरकारी सर्वेक्षणाला जुंपलेले असत. मुलांना नुसतं बसवून ठेवू नका, असं मुख्याध्यापिका म्हणजे आमच्या मोठ्या बाई सांगत. मग प्रयोग घेणार कोण? प्रयोगसर घेत. आणि खरं सांगायचं तर फार छान घेत. महिनाअखेरीला विज्ञानाचे सर एका बैठकीत सगळ्या तासांपुढे सह्या ठोकून मोकळे होत. कागदावर सर हजर, प्रयोगशाळेत प्रयोगसर. अशी आमची शाळा सुखाने चालली होती.

एका मंगळवारी नववीचा वर्ग होता. कॉस्टिक सोड्याचं पाणी नळीत तापवायचं होतं. तिसऱ्या टेबलावरच्या मुलीने नळी शिकवली तशीच तिरकी धरली होती, तोंड भिंतीकडे. तरी पाणी एकदम उसळलं, भिंतीवर आपटलं आणि मागे तिच्या डाव्या डोळ्यात गेलं. किंकाळी ऑफिसपर्यंत आली. मी धावत गेलो तेव्हा प्रयोगसरांनी तिचं डोकं नळाखाली धरलं होतं, बोटांनी पापणी उघडी ठेवली होती आणि 'थोडं अजून, बाळा, थोडं अजून' म्हणत होते. गाडी येईपर्यंत त्यांनी नळ सोडला नाही. डॉक्टरांनी पापणी वाचवली. नजर गेली.

शाळेचा अहवाल दुसऱ्याच दिवशी वर पाठवायचा होता. मोठ्या बाईंनी सांगितला आणि मी टाइप केला. विद्यार्थिनीने दिलेला चष्मा काढून ठेवला व सूचनांचे पालन केले नाही, सबब शाळेची जबाबदारी नाही. जबाबदारीची वेळ आली की हात वर करायचे, याचं आम्हाला कुणी प्रशिक्षण दिलं नव्हतं, पण येत होतं.

मुलीची आई शिलाईकाम करायची. आमच्याच शाळेचे गणवेश शिवायची. गळ्यात टेप तसाच ठेवून ती अर्ज घेऊन आली. उपचार, भरपाई, चौकशी असं सगळं त्यात कुणा वकिलाने नीट लिहून दिलं होतं. पण माझ्या टेबलापाशी ती निराळंच बोलली. म्हणाली, "बाकीचं मिळेल तेव्हा मिळेल. तिची चूक होती हे वाक्य तेवढं काढा. ती रोज मला विचारते, आई, मी काय चुकले?" मी म्हटलं, चौकशीत काय ते ठरेल. दुसरं काय म्हणणार होतो.

चार महिन्यांनी चौकशीची तारीख लागली. आदल्या दिवशी दुपारी मोठ्या बाईंनी प्रयोगसरांना बोलावून सांगितलं की पिशव्या फोडा, चष्म्यांवर थोडे ओरखडे पाडा, वापरलेले दिसले पाहिजेत. मी त्यांचा जबाब तयार केला. विज्ञानाचे सर हजर होते, चष्मे वाटले होते, मुलीने आपला काढला. सही घ्यायला प्रयोगशाळेत गेलो तर ते टेबलावर खोकं ठेवून बसले होते. एका हातात पॉलिश पेपर, दुसऱ्या हातात पिशवीतला चष्मा.

"माझे निवृत्तीला आठ महिने राहिलेत, भाऊसाहेब," ते म्हणाले. मी म्हटलं, मग सही करा आणि सुटा. हे मी म्हटलं, आणि त्याची मला आजही लाज वाटते. त्यांनी जबाब दोनदा वाचला आणि उद्या करतो म्हणून खिशात ठेवला.

चौकशी मोठ्या बाईंच्या खोलीत झाली. मुलगी काळा चष्मा लावून आईशेजारी बसली होती. तिने सांगितलं की आम्हाला चष्मे कधी मिळालेच नाहीत. मोठ्या बाई समजुतीने हसल्या, लेकरू आहे, घाबरलंय म्हणाल्या. अधिकाऱ्याने प्रयोगसरांना विचारलं. ते उठले, बाहेर जाऊन खोकं घेऊन आले आणि टेबलावर ठेवलं.

"मोजून घ्या, साहेब. वीसपैकी वीस. एकही पिशवी उघडलेली नाही. फुटले तर माझ्यावर येईल म्हणून मीच कधी बाहेर काढले नाहीत. त्या दिवशी सर नव्हते, प्रयोग मी घेत होतो."

मग ते मुलीकडे वळले. "तुझं काही चुकलं नाही. मी शिकवलं तसंच तू केलंस."

ते मुलीच्या डाव्या बाजूला उभे होते. त्यांच्याकडे बघायला तिला पूर्ण मान वळवावी लागली. आईने तोंडाला पदर लावला.

निकाल आला. मुलीची चूक नाही, शाळा जबाबदार, असं स्पष्ट लिहिलेलं होतं. ती प्रत मी स्वतः आईच्या हातात दिली. भरपाईच्या फायली अजून फिरतच आहेत. मोठ्या बाईंची बदली शहरातल्या चांगल्या शाळेत झाली. विज्ञानाच्या सरांना ताकीद मिळाली. अधिकार नसताना प्रयोग घेतले आणि साधनं अडवून ठेवली म्हणून प्रयोगसरांना सक्तीने घरी बसवलं. मुलीने विज्ञान सोडलं. आणि ते वीस चष्मे पुरावा म्हणून लाखेचं सील लावून जप्त झाले.

आता प्रयोगाच्या वेळी मुलांच्या डोळ्यांवर काय लावायचं? मी नव्या चष्म्यांची मागणी पाठवली. दीड महिन्याने उत्तर आलं की आपल्या रजिस्टरावर वीस चष्मे सुस्थितीत शिल्लक आहेत, सबब मागणी नामंजूर. मी परत लिहिलं, परत तेच उत्तर. नववीचा नवा वर्ग उघड्या डोळ्यांनी नळ्या तापवत होता.

निवृत्तीच्या पैशांच्या हिशेबाच्या कागदांवर सह्या करायला एक दिवस प्रयोगसर ऑफिसात आले. फार वाळले होते. खुर्चीवर बसायच्या आधीच त्यांनी विचारलं, मुलांना चष्मे मिळाले का. मी त्यांना पत्र दाखवलं. त्यांनी ते वाचून माझ्यापुढे परत ठेवलं. मग म्हणाले, "रजिस्टर काढा. वीसच्या वीस फुटले असं लिहा. माझ्या नावावर."

मी म्हटलं, अहो, ते फुटले कुठे? सीलबंद आहेत. आणि वसुली तुमच्याच पैशांतून होईल.

"होऊ दे. ते तेव्हाच फुटायला हवे होते, भाऊसाहेब."

मी रजिस्टर काढलं. माझ्याच अकरा शेऱ्यांच्या खाली लिहिलं, वीस नग फुटले. त्यांनी सही केली आणि पेन मला परत दिलं.