गुरुजींनी घासलेले बाण

चिंचेच्या कोळानं बाणाची टोकं घासणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमच्या शाळेतले इतिहासाचे गुरुजी. पांढरकवड्याच्या अलीकडे एका डोंगरावर पडका किल्ला होता; रविवारी तिथून उतरताना त्यांच्या पायजम्याचे खिसे गुडघ्यापर्यंत लोंबत. मुलं त्यांना गोटेगुरुजी म्हणायची, आणि खरं सांगायचं तर आम्ही मास्तर मंडळीसुद्धा.

खिशात गोफणीचे गोल दगड आणि गंजलेली बाणांची टोकं असत. "या किल्ल्याले वेढा पडलता, सर. हे गोटे नदीतले हायेत. काय, आपल्या पायानं चढले डोंगर?" हे ते चहाच्या टपरीवरही ऐकवायचे. मी हसायचो, पण पुढच्या रविवारी पिशवी धरायला मीच जायचो.

खंडेनवमीला लोक विळे, कुऱ्हाडी पुजायचे. गुरुजी बाण पुजायचे. चिंचेनं लख्ख घासून, तेल लावून, हळदकुंकू वाहून. दगड धुऊन लहानमोठे डब्यांत भरलेले. "आपल्या माणसाईनं झेलले हे. तसेच मातीत लोळू द्याचे काय?" त्यांची ही माया मला फार आवडायची. मला तरी काय कळत होतं!

मग त्या डोंगरावर खडीची खाण येणार, असं कानावर आलं. वेढ्याचा पुरावा मिळाला तर डोंगराला कुणी हात लावणार नाही, म्हणून गुरुजींनी अर्जांवर अर्ज केले. शेवटी नागपूरहून उत्खननातल्या जाणकार बाई आल्या. गुरुजींनी इस्त्रीचा सदरा घालून डबे उघडले. बाण चकाकत होते. बाईंनी एक उचलला आणि हळूच विचारलं, "यातलं कोणतं कुठं सापडलं? तटाच्या आत की बाहेर?"

"सारं वरतेच भेटलं, मॅडम."

"जागेवर असतं, तर हल्ला कुठून झाला, तट कुठं फुटला, सगळं सांगता आलं असतं, गुरुजी. आता हे कुठलेही म्हणता येतील." बाईंचाही जीव तुटत होता. चार दिवस त्यांनी डोंगर पालथा घातला. पण गुरुजींनी इतक्या मनापासून वेचलं होतं की वर काही उरलंच नव्हतं.

खाण सुरू झाली. सुरुंग उडाला की शाळेचे पत्रे थरथरत. गुरुजी गेले त्याच्या आदल्या आठवड्यात मी त्यांच्या ओसरीवर बसलो होतो. दुपारचा सुरुंग उडाला. ते म्हणाले, "एवढ्या फौजेच्यानं नाही पडला तो किल्ला, सर. माह्या हातानं पडला नं?"

"नाही हो, गुरुजी," मी म्हटलं. पण त्यांच्याकडे बघून म्हणता आलं नाही.