तिनं भरलेली निविदा

संघमित्रा गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुकानात होते. परभणीत बसस्टँडच्या मागच्या गल्लीत माझं ऑनलाइन कामांचं छोटं दुकान आहे. सरकारी कामांच्या निविदा भरायला जिल्हाभरातले कंत्राटदार तिथे येतात. तिचा धाकटा भाऊ सिद्धार्थ एवढंच म्हणाला, "ताई गेली. मानवतला, साइटवरच..." मी टेबल धरून उभी राहिलेली बघून समोर कॉम्प्युटरवर बसलेल्या एका कंत्राटदारानं काय झालं म्हणून विचारलं. मी सांगितलं. तो पुन्हा पडद्याकडे बघत म्हणाला, "म्हंजे सोनपेठच्या कामात आता भालेराव बाईंची निविदा येनार न्हाई."

काही आठवडे उलटले, पण ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. माणूस मेल्याची बातमी ऐकून एखाद्याला आधी स्पर्धक कमी झाल्याचं सुचतं, याचा अर्थ संघमित्रानं या लोकांना किती त्रास दिला असेल! आणि तो त्रास काय, तर ती प्रामाणिकपणे निविदा भरायची. बस्स, एवढाच.

आम्ही दोघी पॉलिटेक्निकला एका वसतिगृहात होतो. तिचे वडील सोनपेठला प्राथमिक शिक्षक. घरात बुद्धवंदना, पुस्तकं आणि वडिलांची करडी शिस्त. सिव्हिलचा डिप्लोमा झाल्यावर ती एका बड्या कंत्राटदाराकडे सुपरवायझर म्हणून लागली. वर्षभरात त्यानं तिला सुचवलं की बेरोजगार अभियंता म्हणून स्वतःच्या नावानं नोंदणी कर, अशा अभियंत्यांसाठी सरकार काही कामं राखून ठेवतं. तिला आनंद झाला. मग पुढचं कळलं. नाव तिचं लावायचं, काम त्यानं करायचं आणि तिनं घरी बसून थोडा वाटा घ्यायचा. आमच्याकडे कितीतरी पोरांची नावं अशी भाड्यानं फिरतात आणि त्यात कुणाला काही वावगंही वाटत नाही. संघमित्रानं नोंदणी केली, पण दुसऱ्या दिवशी नोकरी सोडली. मला म्हणाली, "माझं नाव हाय ना, मग काम पण मीच करनार."

सुरुवात शाळेच्या खोल्यांच्या दुरुस्तीपासून झाली. मग गावांच्या पाणीपुरवठ्याची कामं. ती जिंकायची याचं लोकांना नवल वाटायचं आणि नवलाचं रूपांतर कुजबुजीत व्हायला वेळ लागत नाही. कुणी म्हणे साहेबाचा हात आहे डोक्यावर, कुणी म्हणे राखीव कोट्यातलं काम आहे. निविदा सगळ्यांना खुली असायची, तरीही हे बोललं जायचं आणि शिकलेली माणसं बोलायची. ती कशी जिंकते हे मी जवळून पाहत होते. आलेल्या प्रत्येक कामावर ती उडी मारत नसे. आधी स्कूटीवरून जागेवर जायची. चर खोदायचा तिथे काळी माती किती खोल आहे, पावसात कड ढासळेल का, वाळू-खडी कुठून येईल, हे गावातल्या माणसांशी बोलून समजून घ्यायची. मग दर लावायची. बाकीचे वाट्टेल तेवढा कमी दर टाकून काम उचलत आणि नंतर सिमेंटमध्ये हात मारत. ती तसल्या कामाकडे फिरकतही नसे. निविदेआधीच्या बैठकीत अटींवरचे प्रश्न ती लेखी द्यायची, म्हणजे कार्यालयाला उत्तर सगळ्यांसाठी जाहीर करावं लागायचं. काम संपल्यावरही त्या गावात जाऊन नळ बघून यायची. मग शेजारच्या गावचा सरपंच आपण होऊन तिला फोन करायचा, आमच्याकडे काम निघतंय, लक्ष ठेवा. तिचा धंदा एवढ्यावरच वाढला.

आता येलदरीजवळच्या त्या गावाविषयी. धरणाचं पाणी गावातून दिसतं आणि बाया मात्र उन्हाळाभर शेतातल्या विहिरीवर रांगेत. अखेर योजना मंजूर झाली, निविदा निघाली. आमच्याकडे काही कंत्राटदारांची साखळी आहे. कोणतं काम कुणी घ्यायचं हे ती आपसांत आधीच ठरवते. साखळीचे जे मुख्य, त्यांना सगळे अण्णा म्हणतात. माझ्या दुकानात ते आले की खिशातून स्वतःची आणि आणखी दोघांची डिजिटल सहीची चावी काढत. पेनड्राइव्हसारखी असते ती. म्हणजे एकमेकांशी स्पर्धा करणारे तिघे एका खिशात! ही निविदा निघाल्यावर एक दिवस चहा घेता घेता अण्णांनी मला संघमित्रासाठी निरोप दिला. या वेळी थांबा म्हणावं, पुढच्या कामाला आम्ही आडवे येणार नाही. वर हेही म्हणाले की बाईमाणसानं इतकी धावपळ करू नये, तब्येतीला बरं नसतं.

निविदेत एक अट होती. कामाची जागा पाहिल्याचा उपअभियंत्याचा दाखला जोडला नाही, तर निविदा उघडलीच जाणार नाही. दिसायला अट शहाणपणाची. पण दाखला कुणाला द्यायचा हे वरून सांगितलेलं असतं. संघमित्रा कार्यालयात गेली की साहेब साइटवर गेलेले असत. साइटवर गेली की साहेब नुकतेच कार्यालयाकडे निघालेले. फोन उचलला जात नसे. मी तिला म्हटलं, सोडून दे हे काम. ती हळू म्हणाली, "जयू, त्या बाया विहिरीवर उभ्या हायत. मी सोडलं तर हे लोक टाकी बांधतील, पानी न्हाई देनार."

तिनं ग्रामसेवकाला आणि गावातल्या बायांना सोबत घेऊन जागेवर फोटो काढले. निविदापूर्व बैठकीत अण्णांसह सगळे बसलेले असताना ती उभी राहिली. मी तिच्यासोबत गेले होते, म्हणून हे डोळ्यांनी पाहिलं. कार्यकारी अभियंत्यांपुढे फोटो ठेवून ती शांतपणे म्हणाली, "साहेब, मी जागा पाहिली, गावानं मला पाहिलं. फक्त आपले उपअभियंता मला कुठंच दिसायले न्हाईत. ते कुठं भेटतील तेवढं आजच्या इतिवृत्तात लिहून द्या." उपअभियंता शेजारच्याच दालनात होते. त्यांना बोलावून घ्यावं लागलं आणि दाखला तिथेच मिळाला. निविदा उघडल्या तेव्हा तिचा दर सगळ्यांत कमी होता, कारण ती बाहेरच राहील असं धरून साखळीतल्या तिघांनी एकमेकांच्या भरवशावर बैठकीआधीच चढे दर लावले होते. त्या दिवसापासून अण्णांच्या चाव्या मी माझ्या दुकानात चालू दिल्या नाहीत.

सरळ हरले असते तर त्यांची माणुसकी उरली असती. पण तसं झालं नाही. तिच्या अनुभवाचा दाखला खोटा आहे, असा निनावी अर्ज गेला. चौकशी लागली. ज्या कार्यालयानं तिच्या जुन्या कामाचा दाखला दिला होता, त्याच कार्यालयात तिला सुनावणीसाठी पुन्हा पुन्हा बोलावलं गेलं. बाहेरच्या बाकावर बसवून ठेवायचं आणि संध्याकाळी सांगायचं, आज साहेबांना वेळ नाही. तिकडे काळ्या मातीचा चर पावसात ढासळत होता, वाळूच्या गाड्या वाटेत अडवल्या जात होत्या. तिनं त्याही अवस्थेत काम पुरं केलं. गावात पाणी आलं. चौकशीत काही निघालं नाही. पण निघालं नाही हेसुद्धा तिला कुणी कळवलं नाही, तिनं स्वतः जाऊन विचारलं तेव्हा एका कारकुनानं मान न उचलता सांगितलं की फाइल बंद झाली. एखाद्या बाईला महिनोन् महिने चोर ठरवून बाकावर बसवायचं आणि शेवटी 'फाइल बंद' या दोन शब्दांत मोकळं व्हायचं... याला काय म्हणायचं, मला अजून कळलेलं नाही.

छातीत दुखतंय असं ती त्या काळात अधूनमधून म्हणायची. पित्त असेल म्हणून गोळी घ्यायची. मानवतच्या साइटवर दुपारी ती सावलीला बसली, ती उठलीच नाही. डॉक्टर म्हणाले, हृदयविकार. कार्यालयानं तिला मारलं असं मी लिहिणार नाही. तेवढं सिद्ध करायला माझ्याकडे काही नाही. पण ज्या काळात तिनं दवाखान्यात बसायला हवं होतं, त्या काळात ती कुणाच्या दारात बसली होती हे मला माहीत आहे.

कंत्राटदारांनी शोकसभा घेतली. फोटो, हार, उदबत्ती, सगळं नीट. अण्णा बोलायला उठले. म्हणाले, "आमची ल्हान बहीन गेली. अशी हुशार बाई या धंद्यात पुन्हा व्हनार न्हाई." सिद्धार्थ माझ्या शेजारी खाली मान घालून बसला होता. मला राहवलं नाही. बसल्या जागेवरून मी विचारलं, "अण्णा, बहीण होती तर तिला जागा पाहिल्याच्या दाखल्यासाठी दारोदार का फिरवलं?" अण्णांनी रुमालानं चष्मा पुसला. मग संयोजकांनी दोन मिनिटं मौन पाळायला सांगितलं. ते मौन कुणाच्या सोयीचं होतं, हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला समजलं असणार.

मागच्या आठवड्यात मी येलदरीजवळच्या त्या गावाला गेले. का गेले सांगता येत नाही, तिचं काहीतरी उभं असलेलं बघावंसं वाटलं. पाण्याच्या टाकीची देखभाल सुमनबाई नावाच्या बाईकडे आहे. संघमित्रानंच त्यांना ते काम शिकवलं. व्हॉल्व्ह उघडताना त्या आधी थोडाच फिरवतात, पाइपाला कान लावतात, आतली हवा निघून गेली की मग पूर्ण उघडतात. "बाई असंच करायच्या. घाई केली की पाइप फुटतंय म्हनायच्या," त्या म्हणाल्या. बाईंचं काय झालं हे त्यांना ठाऊक नव्हतं. मी सांगितलं तेव्हा त्या तिथेच ओट्यावर बसल्या.

टाकीच्या खांबावर योजनेचा निळा फलक आहे. पुढाऱ्यांची नावं मोठ्या अक्षरांत, साहेबांची त्याखाली आणि सगळ्यांत शेवटी बारीक अक्षरांत : कंत्राटदार – श्री संघमित्र भालेराव. मी पुन्हा पुन्हा वाचलं. इतकं काम केलेली बाई त्यांच्या डोळ्यांना दिसलीच नव्हती. कंत्राटदार आहे म्हणजे पुरुषच असणार, असं धरून त्यांनी तिच्या नावाचा शेवटचा काना तोडून टाकला होता. सुमनबाईंना विचारलं, तुमच्याकडे रंग आहे का. व्हॉल्व्हवर खुणा करायचा लाल ऑइलपेंट होता त्यांच्याकडे. त्यांनी डबा आणि ब्रश आणून दिला. 'श्री'पुढे जागा थोडी होती, तिथे मी 'मती' दाटीवाटीनं बसवलं. मग 'संघमित्र'पुढे एक काना दिला. रंग जुळला नाही, ओघळलाही थोडा.

सुमनबाईंनी जवळ येऊन बोट न लावता एकेक अक्षर वाचलं, "सं-घ-मि-त्रा." मग पाण्याची वेळ झाली म्हणून त्या व्हॉल्व्ह उघडायला गेल्या.