माझ्या सवतीचा अँटेना

आमचे हे कवळ्या बनवतात. दवाखान्यातून लोकांच्या तोंडाचे साचे येतात, हे पुढच्या खोलीत बसून त्यावर दात बसवतात. कवळी उरलेल्या दातांना धरून राहावी म्हणून तिला तारेच्या बारीक कड्या लागतात. त्या कड्या गेली अकरा वर्षं मी वाकवते. ह्यांचाही हात चालतो, पण माझ्याइतका नाही. हे त्यांनी कधी कबूल केलेलं नाही, तो भाग वेगळा.

मागच्या खोलीत मात्र मला कशाला हात लावायची बंदी. तिथे काचेच्या कपाटात एकेचाळीस अंतराळयानं आहेत. आमच्या लहानपणी टीव्हीवर अंतराळातली एक मालिका लागायची, त्यातली झाडून सगळी. ती मालिका ह्यांनी थांबवून थांबवून इतक्यांदा पाहिलीये की रिमोटवरचं ते एक बटण पार गुळगुळीत झालंय. मुख्य जहाजाला बासष्ट खिडक्या. त्यातली एक काळी, कारण शूटिंगच्या वेळी तिथला दिवा गेला होता म्हणे! रंगसुद्धा दातांच्या हिशेबात सांगतात. "हा नुसता पांढरा नाही गं, चाळिशीतल्या चहाबाजाच्या दाताचा पांढरा आहे." त्या जहाजाला मी सवत म्हणते. नाहीतर काय? ह्यांना लग्नाची तारीख विचारा, छताकडे बघत बसतील.

यंदा अशी मॉडेलं जमवणाऱ्यांच्या मंडळाचे परीक्षक घरी येणार होते. संग्रहातला एकूण एक तपशील पडद्यावरच्यासारखा निघाला तर 'अचूक' असा शिक्का मारलेलं प्रमाणपत्र मिळतं. एकोणीस वर्षं हे त्याची वाट बघत होते. ते लावायला भिंतीत खिळासुद्धा ठोकून ठेवलेला. त्याला सध्या माझी पिशवी टांगलेली असते.

परीक्षक रविवारी येणार, आणि बुधवारी मी कपाट पुसलं. कशाला पुसलं? धूळ होती म्हणून! घरी माणूस यायचा आणि धूळ तशीच ठेवायची? टिचकन आवाज झाला आणि सवतीच्या डोक्यावरचा अँटेना तीन तुकडे होऊन फडक्यात आला. माझ्या पाचावर धारण बसली. नशीब, हे कवळ्या पोचवायला बाहेर गेले होते. मी तडक पुढच्या खोलीत गेले, कडीची तार घेतली, वाकवली, रंगवली, चिकटवली. खोटं कशाला बोलू, मूळच्यापेक्षा सुबक झाला.

मग चार दिवस मी इतकी गोड वागले की माझी मलाच लाज वाटावी. पलंगावर ओला टॉवेल दिसला, गप्प बसले. हे खिडक्यांबद्दल पाऊण तास बोलले, तर वर "बरं, मग?" असंही विचारलं.

रविवारी परीक्षक आले. खिशातून भिंग काढलं आणि एकेक यान बघायला लागले. चाळीस यानं पास. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी. सवतीपाशी ते वाकले आणि वाकलेलेच राहिले.

"हा अँटेना कुणी केला?"

"मी," हे म्हणाले.

ह्यांनी कधी केला?

परीक्षकांनी तोंडात बोटं घातली, खालची कवळी काढली, रुमालावर ठेवली आणि अँटेनाशेजारी धरली. तोच बाक, तोच गोल शेवट. साचा कुणाच्या तोंडाचा, हे आम्हाला कुठे माहीत असतं!

"चार वर्षं ही कडी माझ्या जिभेला लागतेय," ते म्हणाले. दातांवाचून बोलणं फुसफुसत होतं, पण कळायचं ते कळलं. "मी ओळखणार नाही?"

कवळी परत बसवून ते जरा मवाळ झाले. "हे काढा, मूळ भाग मागवून बसवा. पुढच्या महिन्यात येऊन शिक्का मारून जातो. बाकी सगळं चोख आहे."

"नको," हे म्हणाले. "तो काढायचा नाही."

"मग शिक्का मिळणार नाही."

"नको मग."

परीक्षक गेले तसा मला राहवेना. "अहो, मी मोडला तो! पुसताना!"

"ठाऊक आहे. बुधवारीच कळलं."

"कसं?"

"तारेला इतका सुंदर बाक मला कुठे जमतो? ह्या घरात तो फक्त तुला जमतो."

अकरा वर्षांनी! मला भरूनच आलं. एकोणीस वर्षांचा शिक्का ह्या माणसाने माझ्या एका कडीपायी सोडला होता. पदराने डोळे पुसले आणि मग डोक्यात प्रकाश पडला.

"बुधवारीच कळलं होतं, तर चार दिवस बोलला का नाहीत? माझा जीव टांगणीला लागला होता!"

हे कपाटाचं दार लावत म्हणाले, "तू चार दिवस ओरडली नाहीस. म्हटलं, चालतंय तितकं चालू दे."

पलंगावर ओला टॉवेल पडलेलाच होता. मी तिथून सुरुवात केली.