डिग्या परबचा दमा

मुलुंड पूर्वेच्या आमच्या बिल्डिंगचा जिना दिगंबर परब, म्हणजे आमचा डिग्या, त्या दिवसांत सरळ कधी चढला नाही. पहिल्या पायरीवर छातीभर श्वास घ्यायचा, ‘पाम् पा पाऽऽ’ करत निघायचा आणि श्वास संपेल तिथेच थांबायचा, मग समोर कुलकर्ण्यांचं दार असो की कचऱ्याचा डबा. कानावरची पेन्सिल काढून हातातल्या कागदावर काहीतरी खोडायचा, खाली उतरायचा आणि तीच ओळ पुन्हा. पोराला दमा लागला म्हणून त्याची आई हवालदिल झाली होती. ओवा झाला, ज्येष्ठमध झालं, छातीला बाम चोळून झाला. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं बैलासारखी आहेत. “मगे जिन्यार असो कित्याक थांबता?” ती मला विचारायची. तुमचा मुलगा सिंफनी लिहितोय, हे त्या माउलीला मी कुठल्या तोंडाने सांगणार होतो?

त्याआधी, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला, आमचा रॉक बँड होता. डिग्या इलेक्ट्रिक गिटार वाजवायचा आणि मी ड्रम्स बडवायचो. घाटकोपरच्या एका कॉलेजच्या गॅदरिंगला ऐन रंगात वीज गेली. गिटार मुकी झाली, माइक बंद पडला. माझे ड्रम्स तेवढे चालू, त्यामुळे मी भलताच खुशीत होतो. पण समोरची पोरं गप्प बसेनात. डिग्याची धून त्यांनी गळ्यावर घेतली. मागच्या पोरांनी खालचा सूर धरला, मुलींनी वरचा. वीज परत आली तरी डिग्याने तारांना हात लावला नाही, नुसता ऐकत उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी म्हणाला, “मोन्या, आपण उगाच बटणं पिळत बसलो रे. आवाज वाढवू नको, माणसं वाढव!” हे त्याचं पेटंट वाक्य झालं. आमचं कपाट वर चढवतानासुद्धा त्याने मला ऐकवलं होतं, “जोर वाढवू नको, माणसं वाढव!” आणि शेजारपाजारचे चौघे गोळा केले होते.

डिग्याने बँड मोडला. मी जाम चिडलो होतो. याची वाट लागणार, असं भेटेल त्याला सांगत होतो. डिग्या मात्र अंधेरीला मिस परेरांच्या शिकवणीत शाळकरी पोरांच्या बाकावर जाऊन बसला. या बाई शाळेत संगीत शिकवत आणि स्वतः उत्तम क्लॅरिनेट वाजवत. स्वरलिपीचा श्रीगणेशा त्याने तिथे केला. गिटार भिंतीला टांगली गेली आणि आई तिच्या खुंटीला भाजीची पिशवी अडकवू लागली. काही वर्षांनी अख्ख्या वाद्यवृंदासाठीची त्याची सिंफनी पुरी झाली. मिस परेरांनी सिनेमाच्या रेकॉर्डिंगला आणि चर्चमध्ये वाजवणारी माणसं जमवली. मोठा ड्रम माझ्याकडे आला. राग कितीही असला तरी नाही म्हणवेना.

पहिल्या तालमीला व्हायोलिनं झकास निघाली. फुंकून वाजवणारे मात्र आधी लाल झाले, मग जांभळे. मिस परेरांनी क्लॅरिनेट मांडीवर ठेवलं.

“दिगंबर, तुझ्या गिटारला नाक नाय. आम्हाला हाय. श्वास कुठे घ्यायचा रे?”

अख्ख्या सिंफनीत त्याने श्वासाला जागाच ठेवली नव्हती. तारांवर बोटं फिरवणाऱ्याला ते सुचणार तरी कसं? “पुढच्या तालमीला हेच झालं, तर मी माझी माणसं घेऊन जाणार,” बाईंनी सांगून टाकलं. ती माणसं गेली असती तर सगळंच मुसळ केरात.

तेव्हापासून तो जिना सुरू झाला. मी म्हटलं, “खुर्चीवर बसून गा ना.” तर म्हणे, “बसून कळत नाय यार. दमायला पाहिजे. जी ओळ मला झेपत नाय, ती दुसऱ्याच्या गळ्यात कशी मारू?” हळूहळू ओळी बदलल्या. कपाट चढवताना वळणावर एकाने सोडावं आणि दुसऱ्याने धरावं, तशी क्लॅरिनेटची ओळ आता बासरी उचलू लागली. दुसरी तालीम पार पडली. फक्त शेवटची, एकट्या क्लॅरिनेटची लांब ओळ मिस परेरांना पुरी होईना.

“कापून टाक,” त्या म्हणाल्या.

“ही ओळ तीन मजले जाते, मिस. मी स्वतः चढलोय.”

“बघू,” त्या एवढंच म्हणाल्या.

मुलुंडच्या एका शाळेच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी कार्यक्रम झाला. आमची सगळी बिल्डिंग लोटली होती. पहिल्या रांगेत आई, मुठीत बामची बाटली. शेवटची ओळ आली तशी मी ड्रमची काठी उचलून धरली. डिग्याने हात उचलले आणि छातीभर श्वास घेतला. बाईंनीही घेतला. ओळ निघाली. कुलकर्ण्यांचं दार गेलं, कचऱ्याचा डबा गेला, तिसरा मजला आला, तरी क्लॅरिनेट तुटेना! शेवटचा सूर पुरा झाला आणि मी ड्रमवर असा घाव घातला की गॅदरिंगमधले सगळे घाव त्यापुढे फिके पडावेत. माझा सगळा राग त्याबरोबर निघून गेला. हॉल उठून उभा राहिला. मिस परेरा धापा टाकत हसत होत्या.

पुढे डिग्याची सिंफनी परदेशात वाजली, तो तिकडेच स्थायिक झाला. मला मात्र त्या सकाळचा डिग्याच दिसतो, घामाने निथळलेला, टाळ्यांत काय करावं ते न कळणारा. त्या टाळ्यांतूनच आई पदर खोचून स्टेजवर चढली. तिने त्याच्या छातीवर हात ठेवला, जरा वेळ थांबून पाहिलं आणि बामची बाटली माझ्या हातात दिली.

“माका काय्येक कळूक नाय, झिला,” ती म्हणाली, “पण तुजो दमो मातर गेलो.”