बटव्यातला चष्मा

उन्हाळ्याच्या सुटीतल्या सहलींबद्दल कुणी गोड गोड बोलायला लागलं की माझं डोकं फिरतं. मोगऱ्याचा मळा, बैलगाडी, भट्टीतून काढलेल्या गरम नानकटाया, हे सगळं आमच्याही वाट्याला आलं होतं. आम्ही बेळगावात राहायचो. वडील वकील. दर मे महिन्यात तीन-चारदा तरी आम्ही पहाटे कंग्राळीला एका फुलांच्या मळ्यात जायचो आणि परतताना वळसा घालून कॅम्पातल्या बेकरीत शिरायचो. हे ऐकून लोक म्हणतात, काय भाग्य तुमचं! इतकी वर्षं मी गप्प बसले. आता लिहून टाकते, म्हणजे पुन्हा कुणी विचारणार नाही.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. बेकरीचा माल खायचा तर नाही, पण नानकटाई तर सोडवत नाही, यावर त्यांनी वकिली तोडगा काढला होता. रवा, मैदा, साखर, तूप आमच्या घरचं. मळायची आईनं, बेकरीच्या ओट्यावर आमचं धुतलेलं फडकं अंथरून. भाजायचे पत्रेसुद्धा आमचे, कारण तिथल्या पत्र्यांना अंड्याचा हात लागलेला. फक्त भट्टी त्या गोव्याकडच्या ख्रिस्ती बेकरीवाल्याची. "अग्नीला विटाळ नाही," असं अण्णा त्याच्याच तोंडावर सांगायचे आणि तो बिचारा मान डोलवायचा. खाणाऱ्यानं लाज सोडली की तोडग्यांना तोटा नसतो. मला तेव्हा त्यात गंमत वाटायची. गरम नानकटाई हातात आल्यावर तत्त्व कोण तपासतं?

माझी बहीण, आक्का, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. तिला अर्ध्या हातापलीकडचं सगळं धूसर दिसायचं. ती तेरा वर्षांची असताना मिरजेला नेऊन चष्मा केला. चष्मा लावून घरी आली त्या दिवशी तिनं माझ्याकडे निरखून बघत विचारलं, "तुझ्या हनुवटीवर हा व्रण कधीचा गं?" मी पाळण्यात असतानाचा होता तो. चष्मा आल्यावर आक्का सुटलीच. वर्गात पहिली यायला लागली, इंग्रजी घडाघडा वाचायला लागली. कॅम्पातल्या बेकरीवरचा इंग्रजी बोर्ड दर वर्षी मला मोठ्यानं वाचून दाखवायची: रोज ताजा पाव, बिस्किटं, केक, लग्नाच्या ऑर्डरी घेतल्या जातील. तो तिला तोंडपाठ झाला होता, आणि ऐकून ऐकून मलाही.

ती मॅट्रिक झाली आणि स्थळं यायला लागली. चष्मा लावलेली मुलगी कोण करणार? म्हणून पाहुणे यायच्या आधी आई चष्मा काढून घ्यायची. पहिल्या खेपेला आक्कानं मुलाच्या वडिलांऐवजी त्यांच्या कारकुनाला वाकून नमस्कार केला. दुसऱ्या खेपेला चहाचा कप बशीसकट पाहुण्यांच्या धोतरावर. दोन्ही स्थळं गेली. आक्काला वाईट वाटलं नाही. तिला पुढं शिकायचं होतं. वाईट अण्णांना वाटलं, आणि त्यांनी पुन्हा डोकं चालवलं.

"घरात कशाला दाखवायची?" ते आईला म्हणाले. "मळ्यात नेऊ या. उन्हात सगळेच डोळे बारीक करतात."

हे वाक्य मी माजघरात बसून ऐकलं. आमची सहल आता कशासाठी निघणार, हे मला त्या दिवशी कळलं. तरीही मी खूश होते, कारण नानकटाई मिळणार होती.

जर्मनीशी लढाई सुरू झाली त्यानंतरच्या उन्हाळ्यात निपाणीचं स्थळ आलं. तंबाखूची मोठी वखार होती त्यांची. मुलगा मराठी सातवी होऊन वखारीत बसलेला. कंपन्यांची इंग्रजी पत्रं यायची ती वाचायला घरात कुणी नाही, म्हणून त्यांना मॅट्रिक झालेली सून हवी होती. मुलगा आणि त्याचे चुलते, असे दोघेच आले. घरातून निघताना आईनं आक्काच्या नाकावरचा चष्मा काढला, डबीत घातला आणि ती डबी माझ्या कमरेच्या बटव्यात कोंबली. "मी सांगितल्याशिवाय काढायचा नाही. कळलं?" असं मला दटावलं. आक्काला काही विचारण्याची पद्धतच नव्हती.

मळ्यात पोचलो तेव्हा उन्हं चढायला लागली होती. चुलते पक्के व्यापारी. तंबाखूचं पान चुरगळून बघावं तशी त्यांची बघण्याची तऱ्हा. म्हणाले, "मुलीला म्हणावं चार कळ्या तोड. न उमललेल्या तेवढ्या घे. नजर बी कळती, हात बी कळतो."

आक्का ताटव्यात शिरली. तिला पांढरा ठिपकासुद्धा दिसत नसणार. ती वाकली आणि बोटांनी चाचपून एकेक कळी तोडायला लागली. मळेवाल्या मावशी बांधावर उभ्या होत्या. दर वर्षी आम्हाला परडीभर फुलं द्यायच्या, पण आई त्यांच्या हातचं पाणी पीत नसे. त्या आत आल्या, आक्काच्या कोपराला धरून तिला हळूच वळवलं आणि म्हणाल्या, "हितनं घे बाई, हितं लई कळ्या हाईत." तिच्या परडीत पडलेली दोन उमललेली फुलं त्यांनी पदराआड उचलून घेतली. जाता जाता मला विचारलं, "तुझ्या आक्काला दिसत न्हाय व्हय गं?"

"दिसतंय की," मी म्हणाले.

चुलत्यांना कळ्या पसंत पडल्या.

तिथून कॅम्पात आलो. लढाईमुळं तिथं पलटणी वाढल्या होत्या, रस्त्यावर गोऱ्या शिपायांची गर्दी. बेकरीच्या भट्टीवर सैन्याच्या पावांचे ढीग चढत होते. बेकरीवाल्यानं आमच्यासाठी जुन्या ओळखीवर तासभर भट्टी मोकळी करून दिली. आई मळायला बसली. तेवढ्यात चुलते रस्त्यात जाऊन उभे राहिले, वर बोट दाखवलं आणि आक्काला म्हणाले, "पोरी, तो बोर्ड वाच बघू. मोठ्यानं."

मी वर बघितलं. बोर्ड नवा होता. लढाईच्या सुरुवातीलाच बदललेला, आणि आम्ही गेल्या मे महिन्यानंतर इकडं फिरकलो नव्हतो. जेमतेम अक्षरं जुळवण्याइतकं इंग्रजी मला येत होतं, पण एवढं कळलं की केक आणि बिस्किटं बंद, पाव फक्त सैन्यासाठी, असं काहीतरी लिहिलंय.

आक्कानं वर बघितलंच नाही. ती माझ्याकडे वळली आणि तिनं हात पुढं केला. पोटापाशी, खाली, पण स्पष्ट. चष्मा दे. नंतरच्या रडारडीची, अण्णांच्या संतापाची तिनं तयारी केली होती. तिनं ठरवलं होतं. मला ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं, कारण मला दिसत होतं.

मी आईकडे बघितलं. पिठातले हात न काढताच आईनं मान हलवली, नाही. मी बटवा घट्ट धरला आणि भट्टीकडे तोंड करून उभी राहिले.

आक्कानं थोडा वेळ वाट बघितली. मग वर मान केली आणि जुना बोर्ड म्हणून दाखवला. रोज ताजा पाव, बिस्किटं, केक, लग्नाच्या ऑर्डरी. अस्खलित इंग्रजीत, एकही अडखळ नाही. चुलत्यांना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. ज्याला स्वतःला वाचता येत नाही तो परीक्षक! त्यांनी बेकरीवाल्याला विचारलं, "बरोबर हाय का हो?"

बेकरीवाल्यानं बोर्डाकडे बघितलं, आक्काकडे बघितलं, आणि म्हणाला, "एकदम बरोबर वाचलं बाईनं."

मुलगा तेवढा आक्काच्या डोळ्यांकडे बघत होता.

त्या दिवशी सगळेच चांगले वागले. मावशी चांगल्या वागल्या, बेकरीवाला चांगला वागला, मी शहाण्या मुलीसारखं आईचं ऐकलं. एवढ्या सगळ्या चांगल्या माणसांनी मिळून माझ्या बहिणीला खड्ड्यात लोटलं. कुणी एक जरी वाईट वागला असता तर ती वाचली असती. नानकटाया छान खुसखुशीत झाल्या. मी पाच खाल्ल्या.

जूनच्या आत लग्न झालं. चष्मा आईच्या ट्रंकेत राहिला.

पुढची सहा वर्षं निपाणीहून तक्रारी यायच्या. तुमची मुलगी गर्विष्ठ आहे. रस्त्यात घरचे स्नेही समोरून जातात, ही बघून न बघितल्यासारखं करते. कुणी लांबून हात केला तर मान फिरवते. मॅट्रिक झाली म्हणून एवढा तोरा! अण्णा ती पत्रं वाचून घडी घालून ठेवायचे आणि म्हणायचे, "आक्कानं जरा मिळून मिसळून राहावं." हे ऐकून मला तांब्या फेकावासा वाटायचा. मी फेकला नाही, हेही लिहायला हवं.

लढाई संपली. मी सतरा वर्षांची झाले आणि एक दिवस अण्णा म्हणाले, "येत्या आठवड्यात तुला बघायला येतायत, कंग्राळीला जाऊ या. आक्कालाही घेऊन ये निपाणीहून." माझे डोळे चांगले होते. तरी मळाच ठरला, कारण एकदा फळ मिळालेली जागा शुभ!

मी ट्रंकेतून चष्मा काढून घेतला आणि निपाणीला गेले. वखारीच्या अंगणात आठ-दहा मुली खेळत होत्या. त्यातल्या एकीच्या अंगावर विटका तांबडा परकर. ती आक्काची मुलगी, पाच वर्षांची. मागच्या खेपेलाही तिच्या अंगावर तांबडाच होता. मी आक्काला विचारलं, "हिला दुसरा रंग नाही का गं?"

"दुसरा घातला की मला सापडत नाही ती," आक्का म्हणाली.

मी तिच्यापुढं चष्मा ठेवला. तिनं हात लावला नाही. "सांगितलं असतं तर अण्णांनी फसवलं असं झालं असतं. आणि तुझं व्हायचं होतं. बहिणीचे डोळे अधू म्हटल्यावर तुला कुणी केली असती?"

मग मात्र मी थांबले नाही. सरळ आत गेले. तिच्या सासूबाई मिरच्यांची देठं काढत बसल्या होत्या. त्यांना सगळं सांगून टाकलं. मळा, बोर्ड, बटवा, सगळं.

त्यांनी मान वर केली नाही. "त्यात काय सांगतीस? पयल्याच महिन्यात कळलंय आमाला. कागद नाकाला लावून वाचती ती."

"मग चष्मा का नाही केला?"

"चष्म्याची सून चार लोकांत कशी न्यायची? आणि पत्रं तर वाचून व्हत्यात की."

आक्का माझ्या मागं दारात येऊन उभी होती. तिनं विचारलं, "यांनाही ठाऊक आहे?"

"त्यानंच तर सांगितलं मला," सासूबाई म्हणाल्या आणि मिरच्यांचं सूप जवळ ओढलं.

आम्ही दोघी मागच्या परसात आलो. माझ्या तोंडाचा पट्टा सुटला होता. अण्णांना बोलले, आईला बोलले, चुलत्यांना, तिच्या नवऱ्याला, त्या बेकरीवाल्यालासुद्धा सोडलं नाही. आक्का सगळं ऐकून घेत होती. मला वाटलं, तिला बरं वाटत असेल. इतक्या वर्षांनी कुणीतरी तिच्या बाजूनं भांडत होतं.

"आणि तू?" ती म्हणाली.

"मी लहान होते गं."

"अकरा वर्षांची होतीस. अण्णांकडं मी काही मागितलं नव्हतं, आईकडं नाही, ह्यांच्याकडं तर कधीच नाही. त्या दिवशी हात केला तो फक्त तुझ्यापुढं." मग तिनं चष्मा उचलून डोळ्यांना लावला, अंगणाकडे बघितलं आणि लगेच काढला. "पुरत नाही आता. उद्या कोल्हापूरला जाऊन नवा करून आणते. मला कुणाला विचारायचं नाही. तू येणार असलीस तर ये."

मी कंग्राळीला येणार नाही असं अण्णांना कळवलं आणि दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर कोल्हापूरच्या मोटारीत बसले. वाटेत ती मुलीशी बोलत होती, माझ्याशी नाही. त्यानंतर ती कधी कुणासमोर चष्मा काढून बसली नाही. हळूहळू माझ्याशी बोलायला लागली, हसायलाही लागली. तिचा माझ्यावरचा राग गेला का, हे विचारायचं धाडस मला कधी झालं नाही. माझा माझ्यावरचा गेलेला नाही.