सासूबाईंनी दिलेली टिप

एअरपोर्टवर व्हीलचेअर ढकलणाऱ्यांना टिप किती द्यावी, यावर आपली माणसं माझ्यासमोर बिनधास्त मराठीत चर्चा करतात. "अहो, दोन पौंड पुरेत. तिला पगार असतोच की," असं एका काकूंनी काकांना सांगितलं, तेव्हा मी त्यांचीच खुर्ची ढकलत होते. बाहेर पोचल्यावर मी म्हणाले, "सावकाश उठा काकू, गुडघ्याला जपा." त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. काकांनी घाईघाईने पाकीट काढलं, पण मी काही घेतलं नाही. तेवढा तोरा मला आहे.

एरवी आमची रीत साधी आहे. ही सेवा फुकट असते. टिप मागायची नाही, घुटमळायचं नाही; कुणी आपणहून दिली तर थँक यू म्हणून घ्यायची.

नागपुरात मी बँकेत होते. नवऱ्याच्या नोकरीमुळे लंडनमध्ये हॅरोला आले आणि वर्षभर घरात बसून विटल्यावर हे काम धरलं. मला ते मनापासून आवडतं. सासूबाईंना मात्र "एअरपोर्टवर कस्टमर सर्व्हिसमध्ये आहे" एवढंच सांगितलं होतं. त्या निवृत्त मुख्याध्यापिका, करड्या शिस्तीच्या. त्यांना माझी लाज वाटली असती, तर ते मला सोसलं नसतं.

त्या पहिल्यांदा इकडे आल्या, तेव्हा नवऱ्याने त्यांच्यासाठी व्हीलचेअर सांगितली. त्या चांगल्या टुणटुणीत आहेत. पण आईवडील इमिग्रेशनच्या रांगेत गोंधळू नयेत म्हणून आपल्यातले बरेच जण सांगतात. नेमकं माझ्याच शिफ्टच्या यादीत त्यांचं नाव आलं. कुणाशी तरी अदलाबदल करावी असं वाटलं आणि मग स्वतःचाच राग आला. मी काय चोरी केली होती?

विमानाच्या दारात मला युनिफॉर्ममध्ये बघून त्या थबकल्या.

"तू?"

"हो आई. हेच माझं काम."

त्या खुर्चीत बसल्या आणि मी लांबलचक कॉरिडॉरमधून खुर्ची ढकलू लागले. त्या काय म्हणतील, याची धास्ती होती. तरी हात नेहमीसारखेच चालले.

बाहेर नवरा उभा होता. सासूबाई उठल्या, पर्स उघडली आणि सगळ्यांदेखत दहा पौंडांची नोट माझ्यापुढे धरली. मला थोबाडीत बसल्यासारखं झालं.

"आई, घरच्या माणसाला कुणी टिप देतं का?"

"घरी गेलं की तू सून. इथे तू ड्यूटीवर आहेस," त्या म्हणाल्या. "तो उतार आला तेव्हा खुर्ची उलटी फिरवलीस, मी पुढे घसरू नये म्हणून. जन्मभर लोकांचं काम तपासलंय मी. चोख काम मला कळतं. घे."

नवऱ्याने हळूच विचारलं, "आई, तुला राग नाही आला?"

"आला ना. लपवलंत त्याचा. तुमच्या दोघांकडे घरी बघते."

मी नोट दोन्ही हातांनी घेतली, रीतीप्रमाणे थँक यू म्हणाले. मग इतकं भरून आलं, की तिथेच नमस्कार करायला वाकले. त्यांनी दंडाला धरून मला सरळ उभं केलं.

"युनिफॉर्ममध्ये वाकायचं नाही."