खिशातला नट

मोटारसायकलींच्या शोरूममध्ये नवी गाडी तपासून गिऱ्हाइकाच्या हाती देण्याचं काम मी वीस वर्षं करत होतो. प्रत्येक टाकीवर कुंकवाचं स्वस्तिक काढताना कधी हात जोडावेसे वाटले नाहीत. तो माझ्या लेखी दुकानाचा एक शिरस्ता होता.

त्या धनत्रयोदशीला मुहूर्त टळायच्या आत गाड्या द्यायची घाई होती. शाळेत कारकून असलेल्या दुबेजींची गाडी शेवटची. तिचं पुढचं चाक घासत होतं, म्हणून मी चाक जागेवर धरून ठेवणारा आसाचा नट काढला. तेवढ्यात मालक ओरडले. मी नट खिशात टाकून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे धावलो आणि परत आलो तेव्हा न बघताच तपासणीच्या कागदावर सही केली.

दुबेजींची म्हातारी आई मात्र अडून बसली. मारुतीच्या देवळात पूजा झाल्याशिवाय गाडीवर कोणी बसायचं नाही. गाडी सायकल-ट्रॉलीवर घालून नदीपलीकडे रामनगरला, घरी न्यायची. सगळे हसले. सर्वांत मोठ्यानं मी. “अम्मा, गाडी चलाने के लिए होती है, ढोने के लिए नहीं!” तिनं माझ्याकडे पाहिलं आणि ट्रॉलीवाल्याला हाक मारली.

दुसऱ्या दिवशी नरकचतुर्दशी. नदीकाठी बालाजी घाटाजवळच्या आमच्या मराठी घरात पहाटे अभ्यंगस्नानं झाली. कपडे भिजवताना बायकोनं माझा खिसा चाचपला. “अहो, लक्ष्मी म्हणून आता नट पुजायचाय का?”

तो दुबेजींच्या गाडीचा नट होता; त्याच्याशिवाय धावत्या गाडीचं पुढचं चाक निखळलं असतं. दुबेजींना फोन लावला, कोणी उचलला नाही. तेव्हाच रामनगर गाठायला हवं होतं. पण मी भोसले घाटाच्या पायऱ्यांवर दुपारपर्यंत बसून राहिलो. खरं सांगतो, त्या वेळी मनात दुबेजी कमी होते, माझी नोकरी जास्त होती. शेवटी स्वतःचीच किळस येऊन उठलो.

दुबेजींच्या दाराशी माणसं जमलेली पाहिली आणि मला वाटलं, संपलं सगळं. इतक्यात दुबेजीच बाहेर आले. डोक्याचं मुंडण केलेलं. पहाटे झोपेतच आई गेली होती. ते नुकतेच अग्नी देऊन परतले होते. अंगणात गाडी उभी होती, हार सुकलेला, चाकांना धूळही नाही. पूजा व्हायच्या आधीच सुतक आलं आणि अम्माचा शब्द म्हणून गाडीला कोणी हात लावला नव्हता.

मी खाली बसून नट घट्ट केला. ते म्हणाले, “ऐसे दिन में भी आप गाड़ी देखने आए?” ते कौतुक मला सहन झालं नाही. सगळं सांगून टाकलं, माझ्या हसण्यासकट.

दुबेजींनी गाडीकडे पाहिलं. मग म्हणाले, “अम्मा होतीं तो आपको खूब सुनातीं।” आणि पुढे म्हणाले, “फिर खाना खिलातीं।”

मालकांनाही सांगितलं. नोकरी गेली. त्याचं दुःख झालं, पण ओझं वाटलं नाही.

तेराव्यानंतर दुबेजी आमच्या दारात गाडी घेऊन उभे. आईच्या शब्दाखातर ती रामनगरहून पुन्हा ट्रॉलीवरूनच आणली होती. आमच्या गल्लीबाहेरच्या मारुतीपाशी त्यांनी पूजा केली. मग किक मारली आणि मला म्हणाले, “पीछे बैठिए।”

आयुष्यभर मी गाड्या स्वतः चालवून पारखल्या. त्या दिवशी मागे बसलो, रिकाम्या हातांनी, डोळे मिटून. अम्माची माफी मागायची राहून गेली, ती राहिलीच. आता रोज त्या मारुतीपुढे उभा राहतो. मागत काही नाही. ज्या शब्दाला मी हसलो, त्यानंच मला सांभाळलं, एवढंच आठवून हात जोडतो.